साने गुरुजी : तत्त्वज्ञान मंदिराकडून छात्रालयाकडे

मराठी बालकुमार साहित्याचा विचार साने गुरुजींना वगळून करता येत नाही. मात्र त्यांचे नाव बहुधा संस्कारांच्या संदर्भात घेतले जाते, लेखनकलेच्या संदर्भात क्वचितच. गुरुजींची पुस्तके मुलांच्या हाती द्यावयाची, मोठेपणी त्यांचे आदराने स्मरण करावयाचे आणि वाङ्मयीन चर्चेच्या वेळी ती बाजूला ठेवावयाची, अशी एक रूढी पडून गेली आहे. बालकुमारांसाठी केलेल्या सर्जनशील लेखनाचा पदव्युत्तर पातळीवर अभ्यास करावयाचा झाल्यास ही रूढी अडसर ठरते. असे लेखन शिकता येते काय, आणि येत असेल तर ते कोठे व कोणापासून शिकावयाचे, हा त्या अभ्यासातील पहिला प्रश्न होय. गुरुजींचे चरित्र या प्रश्नाच्या अनुरोधाने वाचले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. तत्त्वज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यास केलेला हा तरुण ग्रंथालयातून उठून वसतिगृहातील मुलांमध्ये जाऊन बसला आणि तेथे लेखक म्हणून घडला. या स्थित्यंतरात त्याच्या लेखनाला काय लाभले आणि त्याची कोणती किंमत त्या लेखनाला द्यावी लागली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, परंतु पांडुरंगाच्या बालपणापर्यंत त्या घराण्याचे वैभव ओसरले होते आणि कर्जाचा विळखा घट्ट होत चालला होता. शिक्षणासाठी त्यांना घर सोडून दापोलीस जावे लागले. पुढे तेही परवडेनासे झाल्यावर औंध संस्थानात आणि त्यानंतर पुण्यास नूतन मराठी विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. हाताने स्वयंपाक करणे, अर्धपोटी राहणे, दुसऱ्याच्या घरी संकोचाने वावरणे हे सारे त्यांनी विद्यार्थिदशेतच अनुभवले. १९१७ मध्ये त्यांच्या आईचे, यशोदाबाईंचे, निधन झाले. घर सोडून शिकावयास गेलेल्या मुलाचे एकाकीपण आणि त्या एकाकीपणात आईच्या आठवणींना येणारी धार, ही त्यांच्या पुढील साऱ्या लेखनाची मूळ सामग्री होय. तथापि सामग्री जवळ असणे आणि लेखक होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आईच्या मृत्यूनंतर सोळा वर्षे ही सामग्री ग्रंथरूपाला आली नाही. या सोळा वर्षांत काय घडले, हा चरित्रकारापेक्षाही वाङ्मयाच्या अभ्यासकाला पडावा असा प्रश्न आहे.

पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे पुढील काळातील सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, ते १९२२ मध्ये पदवीधर झाले. मराठी आणि संस्कृत या वाङ्मयांचा त्यांचा व्यासंग याच काळात पक्का झाला. त्यानंतर तत्त्वज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी ते खानदेशातील अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात दाखल झाले. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये उभी राहिलेली ही संस्था त्या काळी देशातील तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना आकर्षित करणारी होती. निवांत परिसर, संपन्न ग्रंथसंग्रह आणि चर्चेला विद्वान सहकारी, अशी सारी अनुकूलता तेथे होती. गुरुजी एम. ए. झाले, परंतु केवळ ज्ञानासाठी ज्ञान या वृत्तीत त्यांचे मन रमले नाही. १९२४ मध्ये त्यांनी त्याच गावातील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत, पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखल्या गेलेल्या शाळेत, शिक्षकाची नोकरी पत्करली. तत्त्वज्ञान मंदिर आणि शाळा यांमधील भौगोलिक अंतर थोडे होते. श्रोत्याच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र ते फार मोठे होते.

शाळेबरोबरच विद्यार्थ्यांच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून शिकावयास आलेली, घरापासून तुटलेली मुले हे येथील जग होते. औंध आणि दापोली येथे स्वतः भोगलेले एकाकीपण त्यांना या मुलांच्या चेहऱ्यांवर पुन्हा दिसले असल्यास नवल नाही. मुले शाळेत गेली असता त्यांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे नीट करून ठेवणे, कपडे धुणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, अशा कामांतून त्यांनी मुलांचा विश्वास मिळविला. या सेवाभावाची वर्णने सर्वपरिचित आहेत. वाङ्मयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती त्यांनी येथे चालविलेली 'छात्रालय' या नावाची हस्तलिखित दैनिक पत्रिका.

या दैनिकाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. त्याला छापखाना नव्हता, वर्गणीदार नव्हते, टीकाकारही नव्हते. वाचक होते ते छात्रालयातील मुले. लेखकाने ज्यांना काल रात्री जेवताना पाहिले आणि उद्या सकाळी वर्गात पाहावयाचे अशी. मजकूर रुचला की नाही याचा निवाडा त्याच दिवशी होत असे. मुलांनी न वाचलेला अंक तसाच पडून राहील आणि दुसऱ्या दिवशीचा अंक तरीही लिहावाच लागेल, ही शिस्त कोणत्याही लेखनकार्यशाळेपेक्षा कठोर म्हणावी लागेल. थोरांची चरित्रे, जगातील घडामोडी, परदेशी वाङ्मयातील कथा, काव्य, निसर्ग हे सारे मुलांना समजेल अशा भाषेत रोज उतरवीत राहणे, हा गुरुजींचा खरा लेखनाभ्यास होता. तत्त्वज्ञान मंदिरात आत्मसात केलेल्या संकल्पना या दैनिकाच्या निमित्ताने त्यांना लहान वाक्यांत, ओळखीच्या दृष्टान्तांत आणि बोलीच्या लयीत आणाव्या लागल्या. पदव्युत्तर अभ्यास येथे वाया गेला नाही. त्या अभ्यासाची परिभाषा गळून पडली आणि आशय उरला.

हस्तलिखितापाठोपाठ १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिक त्यांनी सुरू केले. मराठीत मुलांच्या नियतकालिकांची परंपरा तोपर्यंत स्थिर झाली होती. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' १८८१ मध्ये आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' १९०६ मध्ये निघाले होते. ओकांच्या पिढीने मुलांसाठी सुबोध, माहितीपूर्ण गद्य घडविले. आपट्यांनी मनोरंजनाला प्रतिष्ठा दिली. गुरुजींच्या लेखनात या दोन्ही धारांपेक्षा निराळी अशी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे मुलाशी असलेले भावनिक नाते. त्यांच्या गद्यातील निवेदक मुलाला माहिती देऊन थांबत नाही. तो त्याच्याशी बोलतो, त्याला विचारतो, त्याची समजूत घालतो. छात्रालयातील रोजच्या सहवासातूनच ही निवेदनपद्धती आली असावी, असे मानण्यास पुरेसा आधार त्यांच्या लेखनक्रमात आहे. याच कालखंडाच्या आरंभी लिहिलेल्या नामदार गोखल्यांच्या चरित्रातील शैलीशी पुढील बालकुमार लेखनाची तुलना केली, तर वाक्याची लांबी आणि वाचकाशी असलेले अंतर या दोन्हींत झालेला बदल अभ्यासकाच्या ध्यानात येईल.

१९३० मध्ये शिक्षकाची नोकरी सोडून गुरुजी सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले आणि त्यांच्या आयुष्यातील सहा वर्षांचे अध्यापनपर्व संपले. प्रथम धुळे आणि नंतर त्रिचनापल्ली येथील तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. त्रिचनापल्लीत दाक्षिणात्य सहबंद्यांच्या संगतीत ते तमिळ शिकले आणि पुढे तिरुवळ्ळुवरांचे 'कुरल' त्यांनी मराठीत आणले. १९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. ही अठरा प्रवचने गुरुजींनी उतरून घेतली आणि त्यामुळेच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ मराठीला मिळाला. या घटनेकडे सामान्यतः विनोबांच्या चरित्रातील प्रसंग म्हणून पाहिले जाते. लेखक साने गुरुजींच्या दृष्टीने तिचे महत्त्व काही वेगळे आहे. तत्त्वज्ञानाचा एक अवघड ग्रंथ सर्व थरांतील बंद्यांसमोर, घरगुती दृष्टान्तांच्या साहाय्याने, क्रमाने उलगडत नेणारा वक्ता त्यांनी आठवड्यामागून आठवडे ऐकला; आणि बोललेला शब्द लिहिताना त्यातील बोलणे हरवू न देण्याचे काम त्यांनी हाताने केले. बोलीच्या प्रवाहाचे लेखनात रूपांतर करण्याचा याहून प्रत्यक्ष अभ्यास दुसरा कोणता असणार?

या प्रवचनांनंतर वर्षही पूर्ण झाले नव्हते, तोच नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहावयास घेतली. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी आरंभ झाला आणि १३ फेब्रुवारीच्या सकाळपर्यंत, अवघ्या पाच दिवसांत, पुस्तकाचा बहुतांश भाग लिहून झाला. या वेगाची कथा पुष्कळदा उत्स्फूर्ततेचा पुरावा म्हणून सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. सोळा वर्षे मनात असलेल्या आठवणी, सहा वर्षे मुलांना रोज काही सांगण्याची सवय आणि चार महिने प्रवचने उतरून घेतल्याने आलेली हाताची लय, एवढी सिद्धता त्या पाच दिवसांमागे होती.

पुस्तकाची रचना या सिद्धतेची साक्ष देते. प्रकरणांना येथे रात्री म्हटले आहे. आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर श्याम आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. गोविंदा, राम, नामदेव, भिवा हे श्रोते मधून मधून बोलतात, एखादा आजारी असतो, एखाद्याला यावयास उशीर होतो. बालवाचकाला अशा रीतीने एक तयार बैठक मिळते आणि त्या बैठकीत त्याने आपली जागा घ्यावयाची असते. प्रत्येक रात्र स्वतंत्र आहे, तरी तिला पुढच्या रात्रीची ओढ आहे. पत्रावळ लावण्याचा आळस, पोहण्याची भीती, मिठावाचून झालेली भाजी एवढ्याशा प्रसंगांवर संपूर्ण प्रकरण उभे राहते. 'अळणी भाजी'मध्ये तर नाट्य सगळे न बोललेल्या गोष्टीत आहे : भाजीत मीठ नाही हे वडील आईला सांगत नाहीत आणि मुलेही मग काही बोलत नाहीत. उपदेश त्यानंतर येतो. परंतु तो येण्यापूर्वीच कथा आपले काम करून गेलेली असते. पहिल्या रात्रीपासून आईच्या मृत्यूपर्यंतचा क्रम पाहिला तर प्रसंग हळूहळू गडद होत जातात. आरंभीच्या बालसुलभ चुकांच्या जागी कर्ज, अपमान, आजार येतात. मूल मोठे होत जाते तसे पुस्तकही मोठे होत जाते, हे या रचनेचे मर्म आहे.

या पुस्तकावर आणि एकूणच गुरुजींच्या लेखनावर घेतला जाणारा प्रमुख आक्षेप भावविवशतेचा आहे. अश्रू फार आहेत, आई निर्दोष आहे, निवेदक स्वतःला सतत अपराधी मानतो, आणि कथेने जे दाखविले तेच निवेदक पुन्हा सांगतो, असे त्या आक्षेपाचे स्वरूप आहे. तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. छात्रालयातील मुलांना धीर देण्यासाठी जो आर्जवी सूर उपकारक होता, तोच अनोळखी वाचकासमोर कधीकधी अतिरिक्त वाटतो. समोर बसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरून कोठे थांबावे हे कळते. छापील पानाला ती सोय नसते. ज्या प्रत्यक्ष श्रोत्याने गुरुजींना लेखक केले, त्याच्या अनुपस्थितीतही ते त्याच्याशीच बोलत राहिले, आणि त्यांच्या लेखनाची शक्ती व मर्यादा दोन्ही येथेच उगम पावतात. मात्र हा आक्षेप घेताना मातेच्या चित्रणातील कठोरपणाही ध्यानात घ्यावयास हवा. भित्र्या मुलाला मारून विहिरीवर पोहावयास धाडणारी आणि पत्रावळ लावता येत नाही तोवर जेवावयास न वाढणारी आई केवळ हळवी नाही.

पुढील काळात गुरुजींनी मुले व कुमार यांच्यासाठी विपुल लिहिले. 'श्याम', 'धडपडणारा श्याम' यांतून आत्मचरित्राचा धागा पुढे गेला. कुमारांसाठी लिहिलेल्या 'गोड गोष्टी' या मालेत त्यांनी परकीय वाङ्मयातील कथानके मराठीत आणली. जॉर्ज एलियटच्या 'सायलस मार्नर'वरून 'मनूबाबा', व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'वरून 'दुःखी', फिरदौसीच्या 'शाहनामा'तील कथेवरून 'सोराब नि रुस्तुम' ही त्याची उदाहरणे होत. विस्तीर्ण कादंबरीतून कुमारवयीन वाचकाला पेलेल एवढेच कथानक निवडणे, त्यातील पात्रांना मराठी घरात वावरावयास लावणे आणि तरीही मूळ नैतिक पेच शाबूत ठेवणे, हे रूपांतराचे तंत्र स्वतंत्र प्रबंधाचा विषय व्हावे इतके समृद्ध आहे. स्त्रियांच्या ओव्यांचा त्यांनी 'स्त्रीजीवन' या नावाने केलेला संग्रहही येथे उपेक्षून चालणार नाही. जात्यावरची भाषा ज्याने इतक्या निगुतीने गोळा केली, त्याच्या गद्यातील आवर्तने आणि लडिवाळ संबोधने केवळ स्वभावातून आली असे म्हणणे अपुरे ठरते. त्यामागे मौखिक परंपरेचा डोळस अभ्यास होता.

लेखनाबरोबर सार्वजनिक जीवनातील त्यांची धडपड अखंड चालू होती. १९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनासाठी त्यांनी खेडोपाडी काम केले, १९३८ मध्ये अमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक काढले, १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत राहिले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुले व्हावे म्हणून १९४७ च्या आरंभी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे पासून उपोषण आरंभिले. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचा निर्णय झाल्यावर ते सुटले. 'श्यामची आई'तील 'देवाला सारी प्रिय' हे प्रकरण वाचलेल्या मुलांना या उपोषणाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. मुलांना जे सांगितले त्याची जबाबदारी लेखकाने मोठ्यांच्या जगात स्वीकारावी, हा दंडक त्यांनी स्वतःला लावून घेतला होता.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. भारतीय भाषांनी परस्परांना जाणावे यासाठी आंतरभारतीची कल्पना त्यांनी मांडली. याच अखेरच्या काळात आपल्या पुतणीला लिहिलेली पत्रे 'साधना'तून प्रसिद्ध झाली आणि पुढे 'सुंदर पत्रे' या नावाने संगृहीत झाली. फुले, पाखरे, प्रवास, पुस्तके, देशातील घडामोडी यांविषयी एका मुलीशी केलेला हा संवाद आहे. येथे आक्रोश नाही, आग्रहही बेताचा आहे. छात्रालयातील मंडळी, आश्रमातील मित्र आणि आता एक मुलगी, असा श्रोत्यांचा परीघ आकसत आला तसा त्यांचा सूर निवळत गेला, असे दिसते. कुमारांसाठीच्या ललित गद्याचा नमुना म्हणून ही पत्रे 'श्यामची आई'च्या बरोबरीने अभ्यासिली जावयास हवीत. ती लिहिणारा मनुष्य आतून किती खचला होता याचा पत्ता त्या पत्रांतील प्रसन्नतेवरून लागत नाही. गांधीजींच्या हत्येने तो हादरला होता आणि स्वातंत्र्योत्तर वास्तवाने निराश झाला होता. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, गुरुजींनी स्वतःच्या हाताने आपली जीवनयात्रा संपविली.

मृत्यूनंतर त्यांची प्रतिमा झपाट्याने मोठी झाली. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेल्या 'श्यामची आई' या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि पुस्तक घरोघर पोहोचले. मातृहृदयी गुरुजी ही प्रतिमा दृढ होताना लेखक गुरुजी मात्र मागे पडले. ज्याचे सर्वांनी ऋण मानले त्याच्या वाक्यरचनेची, कथनतंत्राची, रूपांतरपद्धतीची चिकित्सा करणे अनुचित मानले गेले. आणि ज्यांना चिकित्सा करावयाची होती त्यांना हे लेखन चिकित्सेच्या योग्यतेचे वाटले नाही. आदर आणि अनादर या दोहोंचा परिणाम एकच झाला. बालकुमार साहित्याच्या अभ्यासाला त्याचा सर्वांत जवळचा पाठ उपलब्ध असून उपयोगात आला नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे सत्त्याण्णवावे अधिवेशन अमळनेर येथे भरले, तेव्हा संमेलननगरीला साने गुरुजींचे नाव देण्यात आले होते. या गावाने त्यांना दोन गोष्टी दिल्या : तत्त्वज्ञान मंदिरातील अध्ययन आणि छात्रालयातील श्रोते. पदव्युत्तर वर्गात आजवर पहिलीचीच व्यवस्था झाली आहे. बालकुमारांसाठी लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने बालवाङ्मयाचा इतिहास, मानसशास्त्र आणि कथनमीमांसा अभ्यासावी हे योग्यच आहे. परंतु त्याने लिहिलेले पान दुसऱ्या दिवशी एखाद्या शाळेत, एखाद्या वसतिगृहात मुलांसमोर वाचले जावे, मुले कोठे कंटाळली याची नोंद त्याने करावी आणि तिसऱ्या दिवशी ते पान पुन्हा लिहावे, ही दुसरी व्यवस्था त्या अभ्यासाला जोडल्यावाचून तो पुरा होणार नाही. गुरुजींनी ती सहा वर्षे पाळली. पाच दिवसांत लिहिलेले पुस्तक त्यानंतर आले.